बाहेर बसून चित्र काढल्याने निसर्गाशी नातं जुळतं म्हणतात. माझं का जुळत नाही?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबट आहे, सांभाळून घ्या.

मी जलरंगात काम करते. घरी, टेबलावर, समोर फोटो ठेवून. फोटोवरून काढलेली माझी झाडं, डोंगर, पाणी लोकांना आवडतात, मलाही बरी वाटतात. पण जिकडे तिकडे हेच वाचायला मिळतं की खरं निसर्गचित्र जागेवर बसूनच होतं, त्यातून माणूस निसर्गाशी जोडला जातो, मन शांत होतं. म्हणून सामान उचललं आणि अधूनमधून बाहेर बसायला लागले.

शांत कसलं! आधी जागा शोधण्यातच निम्मा उत्साह संपतो. इथून बरं दिसतंय, पण तिथून आणखी बरं दिसत असेल. शेवटी कंटाळून कुठेतरी फतकल मारायची. मग कळतं की समोर फार म्हणजे फारच आहे. फोटोला चार कडा असतात, इथे मान फिरवू तिकडे चित्र. पेन्सिलीचं रेखाटन होईपर्यंत सावल्या सरकलेल्या असतात. मी सावली खोडून पुन्हा काढते, तोवर उजेड बदलतो, मग आकाश. शेवटी कागदावर सकाळ आणि दुपार एकत्र नांदत असतात. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, टाकावा तर कडा मऊ करायच्या आत वाळून जातो. हिरव्याबद्दल तर बोलायलाच नको: समोर हिरवं, मागे हिरवं, खाली हिरवं, आणि माझ्या कागदावर पालकाची पातळ भाजी. वर मागे उभं राहून "यापेक्षा फोटो काढला असता तर पटकन झालं असतं" म्हणणारे एखादे काका असतातच. (त्या क्षणी मला त्यांचं शंभर टक्के पटतं.)

मोठं कोडं वेगळंच आहे. तिथे बसून झळझळीत वाटलेलं चित्र घरी आणून भिंतीला टेकवलं की काळपट, मळकट दिसतं. रंग तेच, कागद तोच, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाड, चांगला सुती.

तर प्रश्न दोन. एक, हे सगळं आवरायचं कसं? दोन, ते नातंबितं खरंच असतं का? मला बाहेर असताना निसर्गाचा चक्क राग येतो. थांब ना बाई जरा, असं ओरडावंसं वाटतं. फोटोवरून काढताना मी कितीतरी जास्त मायेने काढते. खरी उत्तरं हवीत. "श्वासावर लक्ष द्या" छापाची नकोत, ती मी स्वतःलाच देऊन पाहिली आहेत.

---

उंटावरचा_चित्रकार

काकांवर उपाय सोपा आहे. त्यांना विचारायचं, "त्या लांबच्या झाडाचा रंग तुम्हाला कोणता दिसतो?" एक तर काका निघून जातात, नाहीतर तुमच्या शेजारी बसून भांडायला लागतात. दुसऱ्या प्रकारच्या काकांकडून मी बरंच शिकलोय.

बाकी प्रश्नांवर जाणकार बोलतीलच. मी सतरंजी टाकून बसलो आहे.

---

वाळका_ब्रश

काळपट चित्राचं आधी घेतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. तुमचा कागद उन्हात असतो. थेट उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, घरात दिव्याखाली तीनशे ते पाचशे. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, म्हणून हात आपोआप गडद रंग उचलतो, आणि एवढ्या उजेडात गडद रंगसुद्धा उघडा दिसतो. घरात तो उजेड नाही, राहतो फक्त गडदपणा. बोर्ड सावलीत धरा. पाठीवर ऊन घेऊन स्वतःची सावली कागदावर पाडली तरी चालेल. दाट झाडाखाली मात्र नको, तिथला उजेड पानांतून गाळून येतो, हिरवट असतो आणि कागदावर कवडसे नाचतात. टोपी हवी, रंगीत काचेचा गॉगल नको. भडक रंगाचा सदराही नको. त्याचा रंग उलटून कागदावर पडतो, हे सांगूनही लोकांना पटत नाही, स्वतः बघा.

आता उजेडाचंच पुढे. उन्हातलं चकाकणारं पाणी आणि खडकाखालची कपार यांच्यातला फरक हजारो पटींचा असतो. तुमचा कोरा कागद आणि तुमचा सगळ्यात गडद वॉश यांच्यातला फरक वीस-तीस पट. म्हणजे समोरचं जसंच्या तसं उतरवणं शक्यच नाही. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावंच लागतं. कॅमेराही तेच ठरवतो, फक्त तुम्हाला न विचारता. फोटोवरून तुम्ही मायेने काढता ना? तो अर्धा निर्णय आधीच कोणीतरी घेतलेला असतो, म्हणून मायेला सवड मिळते. बाहेर सगळे निर्णय तुमच्या अंगावर येतात. राग येतो तो त्याचा. निसर्गाचा नव्हे.

वेळेचं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तिला कोण थांबवणार? व्हॅलेन्सिएन्स नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १८०० सालीच सांगून ठेवलंय की बाहेरचा अभ्यास दोन तासांत उरकावा, आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा अर्ध्या तासात. दोनशे वर्षं झाली, सूर्य काही हळू झालेला नाही. मी असं करतो: हाताच्या पंजाएवढं छोटं रेखाटन, त्यात तीनच छटा, उजेड, मधलं आणि गडद. डोळे बारीक करून पाहायचं म्हणजे बारकावे जातात आणि हे तीन तुकडे उरतात. मग खऱ्या कागदावर सावल्यांच्या जागा आधी ठरवायच्या आणि त्यानंतर समोर काहीही होवो, त्यांना हात लावायचा नाही. सावली सरकली? सरकू दे. तुमच्या चित्रात ती तिथेच राहील. उजेड पार बदलला तर उठायचं. अर्धवट चित्र घेऊन घरी जाण्यात काही कमीपणा नाही. सकाळ आणि दुपार एकाच कागदावर कोंबली की मात्र दोन्ही जातात.

वाळणाऱ्या कडेचं: कागद मागूनही ओला करून न शोषणाऱ्या पाटीवर चिकटवा, ब्रश तुमच्या सवयीपेक्षा दोन आकार मोठा घ्या, आणि मऊ कडा फक्त एकाच ठिकाणी मागा. बाकी कडा कडक राहू द्या. उन्हाचं चित्र कडक कडांचंच असतं.

हिरव्यासाठी मी ट्यूबमधला हिरवा काही काळ घरी ठेवायला सांगेन. अल्ट्रामरीन निळा, एक थंड पिवळा, एक यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एवढ्यावर भागतं. पण मिश्रणापेक्षा पाहणं महत्त्वाचं. उन्हाकडे तोंड करून बसा आणि एकच फांदी बघा. ज्या पानांतून ऊन आरपार येतं ती पिवळी पेटलेली असतात. ज्यांच्या पाठीवर आकाश पडलंय ती जवळजवळ निळी-राखाडी. झाड एकच, जात एकच. मग लांब बघा. अंतर वाढलं की हिरव्यातला पिवळा आधी उडतो आणि निळा उरतो, कारण मधली हवा आखूड लहरींचा निळा उजेड जास्त पसरवते आणि तो सगळ्यावर चढतो. "झाड हिरवं असतं" हे जे आपल्या डोक्यात बसलंय त्याची पालकभाजी होते.

अजून एक, फार उपयोगी. साधारण उजेडाच्या दिवशी आकाश सगळ्यात उजळ, मग सपाट जमीन, कारण आकाशाचा उजेड तिच्यावर वरून सरळ पडतो. मग उतार, आणि उभी झाडं सगळ्यात गडद. अपवाद पुष्कळ, पण गोंधळ झाला की इथे परत यायचं.

आता दुसरा प्रश्न. मला चित्र काढताना शांतबिंत वाटत नाही. कधीच नाही. घाई असते, पाठ दुखते, पाणी सांडतं. ज्यांना तिथल्या तिथे शांती लाभते त्यांचा मला हेवा वाटतो, थोडा संशयही येतो. माझ्या बाबतीत घडतं ते वेगळं आहे. एका जागेकडे दीड-दोन तास काहीतरी ठरवण्यासाठी पाहिलं की त्या जागेची माहिती होते. वारा कुठून येतो, कोणती फांदी आधी उजळते, पाण्यावर आकाश कुठे संपतं आणि तळ कुठे दिसायला लागतो. ही माहिती फिरायला जाऊन होत नाही, कारण फिरताना आपल्याला काही ठरवायचं नसतं. माहिती झाली की मग त्या जागेचं काय होतंय याची पर्वा वाटायला लागते. त्याला नातं म्हणायचं असेल तर म्हणा.

एकच सुचवतो. नवी जागा शोधू नका. आहे तिथेच परत जा, आणि जाताना एकच प्रश्न घेऊन जा, जो फोटो सोडवू शकत नाही. उदाहरणार्थ, "सावलीच्या आत काय रंग आहे?" फोटोत सावलीचा बहुतेक वेळा काळा ठोकळा होतो. डोळ्याला आत सगळं दिसतं.

---

मेघवेडी

वाळका_ब्रश यांना अनुमोदन. फक्त "थांब ना जरा" म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, हे सांगायला आले.

फ्रेंच चित्रकार मोने १८९१ साली नदीकाठच्या पॉप्लर झाडांची मालिका रंगवत होता. मध्येच कळलं की झाडं लिलावात जाणार आणि तोडली जाणार. त्याने लाकूडवाल्याशी करार केला, पैसे भरले आणि चित्रं पुरी होईपर्यंत तोड लांबवली. निसर्गाला थांब म्हणून ते जमवणारा माणूस! उजेडाला मात्र त्यालाही थांबवता आलं नाही. गवताच्या गंज्या रंगवताना (१८९०-९१) तो अनेक कॅनव्हास सोबत ठेवायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. तुमच्या सकाळ-दुपारच्या भांडणावर हाच तोडगा आहे: दोन कागद न्या.

अमेरिकन चित्रकार सार्जंटचं तर विचारू नका. १८८५-८६ मध्ये त्याने बागेत कंदील लावणाऱ्या दोन मुलींचं मोठं चित्र बाहेर रंगवलं. त्याला संधिप्रकाशातला एक विशिष्ट जांभळट उजेड हवा होता, आणि तो संध्याकाळी मोजकी मिनिटं टिकायचा. तेवढ्यात जे होईल ते. ऋतू बदलला, फुलं वाळली, तेव्हा खोटी फुलं आणून लावली. लंडनच्या टेट संग्रहालयात हे चित्र पाहणाऱ्यांना ते किती सहज वाटतं!

बाहेर चित्राला चिकटणाऱ्या किड्यांचं आणि मातीचं म्हणाल तर मोनेच्या १८७० च्या, फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या चित्रात वाळूचे कण रंगात अडकलेले आहेत. व्हॅन गॉगच्या १८८९ च्या ऑलिव्हच्या झाडांच्या चित्रात २०१७ साली संवर्धन करणाऱ्यांना एक नाकतोडा सापडला. आजूबाजूच्या रंगात धडपडीची खूण नाही, म्हणजे तो कॅनव्हासवर येण्याआधीच मेलेला होता. सव्वाशे वर्षं तो तिथे होता आणि कोणाला दिसला नाही.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबल. ढगांची वर्गवारी करून त्यांना आज वापरतो ती लॅटिन नावं ल्यूक हॉवर्ड या हौशी हवामान-अभ्यासकाने १८०२ मध्ये दिली. वीसेक वर्षांनी, १८२१-२२ मध्ये, कॉन्स्टेबल लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या माळावर बसून नुसतं आकाश रंगवत होता. खाली जमिनीची रेघसुद्धा नाही अशी कितीतरी चित्रं. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून, नंतर पाऊस आला की नाही. मी हे वाचल्यापासून माझ्या कागदांच्या मागे तसंच लिहिते. चित्र फसलं तरी मागची बाजू कामाची असते. पुढे कधीतरी त्या चिठ्ठ्या वाचताना आपल्यालाच कळतं की अमुक प्रकारचा ढग आला की तासा-दोन तासांत उजेड बसतो, लवकर आटपा.

नात्याबद्दल वाळका_ब्रश फार आवरून बोलले, असं मला वाटतं. पर्वा वाटणं एवढ्यावर ते थांबत नाही. फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या जंगलाशेजारी बार्बिझाँ गावात राहून रंगवणारे चित्रकार जुने ओक तोडण्याविरुद्ध उभे राहिले. थिओडोर रूसो त्यात पुढे होता. त्यातून १८६१ मध्ये सम्राटाच्या हुकमाने जंगलाचा हजारेक हेक्टर भाग राखीव झाला, आणि तोही निसर्गसौंदर्यासाठी. अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ चं, म्हणजे त्यानंतरचं. आणि तिथेही आदल्या वर्षीच्या मोहिमेत थॉमस मोरानने केलेली जलरंगातली चित्रं खासदारांना दाखवली गेली होती. झाडाकडे तासन्‌तास पाहिलेला माणूस ते तोडायला निघालेल्याशी भांडतो. हे मला श्वासावर लक्ष देण्यापेक्षा मोठं वाटतं.

---

उंटावरचा_चित्रकार

खोटी फुलं लावली?? आणि आम्ही आकाशात नसलेला एक पक्षी काढला तर फसवणूक!

जागा शोधण्याबद्दल: फ्रेंच चित्रकार सेझानने १९०६ साली मुलाला पत्रात लिहिलं होतं की नदीकाठी एकाच ठिकाणी बसून, जरा उजवीकडे नाहीतर जरा डावीकडे झुकलं, तरी महिनोन्‌महिने पुरेल एवढं काम आहे. त्यामुळे कोरा_कागद, पहिल्या जागेवरच फतकल मारणं हे शास्त्रशुद्ध आहे. (तो त्याच वर्षी काम करताना वादळी पावसात सापडला, आजारी पडला आणि काही दिवसांनी गेला. ढग बघून उठा, मेघवेडी सांगतायत ते ऐका.)

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली आहेच.

बोर्ड सावलीत धरून पाहिला. काळपटपणा गेला, इतक्या सहज गेला की मला माझाच राग आला. वाळका_ब्रश, तुमचा सावलीचा प्रश्न घेऊन त्याच नेहमीच्या खडकापाशी बसले. खडक फिकट आहे, त्यामुळे सावली करडी असणार अशी माझी समजूत. आकाशाकडे तोंड असलेल्या भागात ती निळसर जांभळी होती, आणि खाली, उन्हातल्या मातीजवळ, तीच सावली तांबूस, उबदार. जमिनीचा उजेड उलटून आत जात होता. एका सावलीत दोन रंग, आणि मधे कुठे बदलतात ते शेवटपर्यंत सापडलं नाही. ते शोधता शोधता आकाश रंगवायचं राहिलं.

राग आला का? आला, थोडा. पण या वेळी उठताना तो ढग सरकला म्हणून नव्हता, मलाच अजून बसायचं होतं म्हणून होता.

काकाही आले होते. विचारलं रंगाचं. ते म्हणाले, "मातकट." मी म्हटलं, निळा. बराच वेळ झाला मग.

आता पुढची शंका. अर्धवट चित्र घरी आणून पुरं करणं चालतं का? आणि स्मरणासाठी फोटो काढून आणला तर तुमच्यात पाप मानतात का?

---

वाळका_ब्रश

पाप कसलं. फोटो जरूर काढा, फांद्यांची मांडणी किंवा छपराचा कोन आठवत नाही तेव्हा उपयोगी पडतो. रंग आणि सावलीची खोली मात्र त्याला विचारू नका. तुम्ही खडकात पाहिलेला तांबूस भाग फोटोत शोधा, बहुधा सापडणार नाही.

घरी पुरं करण्याबाबत माझा नियम कडक आहे, तुम्हाला पाळायलाच हवा असं नाही. जागेवरच्या कागदाला घरी हात लावत नाही. त्याच्यावरून दुसरं, मोठं चित्र करायचं असेल तर करतो, आणि मूळ कागद माहितीपत्रक म्हणून समोर ठेवतो. घरी हात लावला की आपण नेमकं तेच "सुधारतो" जे तिथे विचित्र दिसलं होतं म्हणून टिपलं होतं. तुमची दुरंगी सावली घरी बसून तुम्ही नक्की एकरंगी कराल.

आकाश राहिलं त्याची काळजी नको. कोरा कागद ढगाळ दिवसाचं आकाश म्हणून खपतो.

---

मेघवेडी

इथे माझा मतभेद. मी घरी हात लावते, पण त्याच दिवशी, डोळ्यांत ताजं असताना. दुसऱ्या दिवशी नाही. मोनेसुद्धा बाहेर सुरू केलेली कितीतरी चित्रं चित्रशाळेत पुरी करायचा, त्यामुळे सोवळं फार पाळू नये.

एक वेगळीच गोष्ट, कोणी बोललं नाही म्हणून. रंगाचं पाणी ओढ्यात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. कॅडमियम आणि कोबाल्ट या विषारी धातूंचे रंग असतील तर अजिबातच नको. झाकणाची बाटली न्या आणि घाण पाणी परत आणा. पुढे तैलरंगाकडे वळलात तर जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या चुरगळून पिशवीत कोंबू नका. ते तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते, आणि ती कोंडली तर चिंध्या आपोआप पेट घेतात. सुट्या पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

आणि कोरा_कागद, त्या खडकाच्या चित्रामागे वेळ आणि वारा लिहिलात का?

---

कोरा_कागद

वेळ लिहिली. वारा कुठून होता ते काकांना विचारावं लागेल.